मागच्यांशी बोलणारे अण्णा

अण्णांचा आवाज चांगला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांचं बरंच कौतुक येणार आहे आणि त्यात ही गोष्ट मागं पडेल. फुटक्या परातीवर कुणी चमचा घासावा तसा आवाज. वरच्या पट्टीत गेला की चिरायचा, खालच्या पट्टीत आला की त्यात खोकला मिसळायचा. 'श' आणि 'ष' तर सोडाच, 'ळ' म्हणतानाही मधेच कन्नड डोकवायचं. अशा माणसाला यात्रेचा माइक कुणी दिला, हा प्रश्न मी पहिल्या वर्षी मनातल्या मनात विचारला, दुसऱ्या वर्षी बायकोला विचारला आणि तिसऱ्या वर्षापासून विचारायचं बंद केलं.

माझं सांगायचं तर मी शिक्षक. पण जिल्ह्यात मला ओळखतात ते निवेदक म्हणून. शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुणाचा सेवापूर्तीचा सत्कार असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, 'सर, आवाज तुमचाच पाहिजे' असे फोन येतात. आवाजाची कार्यशाळा केलेली आहे. श्वास कुठं घ्यायचा, शब्द कुठं टेकवायचा, हे मला कळतं. त्यामुळं तुळजापुरात नवरात्र ते कोजागिरी सूचना देण्याची ड्यूटी लागली तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर उमरग्याचा एक कापड दुकानदार बसलेला बघून.

अण्णा घरचे चांगले सधन. उमरग्यात मुख्य रस्त्याला दुकान, दोन मजली. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात भर उन्हाळ्यातही मफलर. यात्रेच्या दिवसांत दुकान पुतण्यावर टाकून ते स्वखर्चानं तुळजापूरला यायचे आणि लॉजवर खोली घेऊन राहायचे. कर्नाटकातून येणाऱ्या लोकांसाठी कन्नड बोलणारा माणूस हवा म्हणून कुणीतरी कधीतरी त्यांना बोलावलं होतं. तेव्हापासून ते न बोलावताच यायचे. नम्रता हा प्रकार त्यांच्याजवळ अजिबात नव्हता. प्रत्येक सूचना देऊन झाली की माइक बंद करायचे आणि खोलीत जो असेल त्याला विचारायचे, "कसं झालं?"

मी असलो तर मी म्हणायचो, "ठीक झालं."

"ठीक न्हाई ओ मास्तर. फर्मास झालं."

त्यांच्या तऱ्हा अनेक होत्या. पिशवीत एक छोटा टॉवेल आणि निलगिरीच्या तेलाची बाटली असायची. माझी सूचना संपली आणि त्यांची पाळी आली की आधी ते माइक त्या टॉवेलनं पुसून घ्यायचे. माझ्यासमोर, शांतपणे, जाळीच्या भोकाभोकातून. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माझा अपमान आहे. मग बघितलं तर विजेचं काम करणारा माणूस नुसता 'चेक, चेक' बोलला तरी ते पुसायचे. म्हणजे अपमान सगळ्यांचाच होता. पण मला माझाच लागला.

दुसरी तऱ्हा फिरण्याची. आमची खोली देवळाकडं उतरत जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती, पुढं छोटी गच्ची. मी वेळेवर येऊन खुर्चीत बसायचो. अण्णा आधी सगळा रस्ता पायी पालथा घालून यायचे. कुंकवाची दुकानं कुठवर, पाण्याची टाकी कुठल्या रंगाची, कुठल्या हॉटेलासमोर सावली आहे, कुठं चप्पल काढायला लोक थांबतात, सगळं बघून यायचे आणि मगच माइकला हात लावायचे. वर आल्यावर लांब वायर ओढत गच्चीत जायचे आणि उभं राहून बोलायचे. "खुर्चीत बसून कुणाला सांगायलाव? भिंतीला?" असं एकदा मला म्हणाले. मी हसलो. त्या रात्री जेवताना मला ते आठवत राहिलं.

'नका' हा शब्द त्यांना वर्ज्य होता. 'गर्दी करू नका', 'धावू नका', 'घाबरू नका' हे मी म्हटलं की ते डोळे मिटून घ्यायचे, जणू कुणी ताटात खडा वाढला.

"मास्तर, 'घाबरू नका' म्हटलं की माणूस काय करतो?"

"काय करतो?"

"इकडंतिकडं बघतो. घाबरायसारखं काय हाय म्हणून हुडकतो. काय करू नको ते सांगण्यात काय मजा हाय? काय कर ते सांगा. 'हळू चाला' म्हणा. 'डावीकडनं चाला' म्हणा."

हे ते घरीदारीही पाळायचे. त्यांच्या दुकानात मी एकदा गेलो होतो. 'कपड्यांना हात लावू नये' असली पाटी कुठंही नव्हती. 'बोट दाखवा, आम्ही काढून देतो' अशी होती. नातू जिन्यावरून उड्या मारत होता, तर त्याला म्हणाले, "कठड्याला धरून ये." पोरगा खरंच कठड्याला धरून आला. माझ्या घरी मी मुलाला 'उड्या मारू नको' म्हणतो आणि तो मारतो. त्या दिवशी मला त्यांच्या नातवाचाही हेवा वाटला.

माझी सुरुवात ठरलेली होती. 'आई तुळजाभवानीच्या दर्शनासाठी आलेल्या सर्व भाविक भक्तांचं सहर्ष स्वागत.' हे वाक्य मी असं म्हणतो की खालून जाणारी माणसं मान वर करून बघतात. अण्णा म्हणायचे, "लई गोड म्हणता. पण तेवढ्यात पोरगं हरवून जातंय."

हरवलेल्यांच्या बाबतीत त्यांचा हातखंडा होता, हे मला कबूल करावं लागतं. एकदा सीमेपलीकडची एक म्हातारी आली. फक्त कन्नड बोलणारी, नवऱ्यापासून चुकलेली. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढी एक गोष्ट तिला जगाच्या गर्दीतही पक्की माहीत होती. गावाचं नाव सांगितलं, पण त्या गावची माणसं त्या दिवशी शेकड्यानं आली होती. मी दोनदा सूचना दिली. गाव, वय, हिरवं लुगडं. कुणी आलं नाही. अण्णांनी तिच्याशी पाच-दहा मिनिटं गप्पा मारल्या. मग माइक पुसला, गच्चीत गेले आणि कन्नडमधून काहीतरी बोलले. खाली बायका हसायला लागल्या. थोड्या वेळानं जिन्यावर तीन-चार म्हातारे एकामागं एक हजर.

मी विचारलं, "काय म्हणालात?"

"म्हटलं, बायकोला बांगड्या घेऊन देतो म्हणून दुकानापुढं उभं केलं आन तंबाखू आणायला गेला तो कोण, त्यानं वर यावं, बायको चिडून बसलीय."

त्यातला दुसरा म्हातारा तिचा नवरा निघाला. बाकीचे म्हातारे आपापल्या बायका शोधायला परत पळाले. माझी बायको त्या दिवशी डबा घेऊन आली होती. ती घरी जाईपर्यंत हसत होती आणि घरी गेल्यावर शेजारणींना सांगत होती. माझ्या निवेदनाबद्दल ती कधी शेजारणींशी बोललेली मला आठवत नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

कोजागिरीच्या आदल्या दिवसाची दुपार होती. सोलापूरकडून आणि नळदुर्गाकडून पायी चालत आलेली माणसं रस्त्यात मावत नव्हती. सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती, लोखंडी कठडे ओले होते. माइक माझ्याकडं होता, पाळी माझी होती. अण्णा गच्चीत उभे राहून कोमट पाणी पीत होते. तेवढ्यात खाली उताराला एक बाई घसरून पडली, तिच्या कडेवरचं लेकरू किंचाळलं आणि कुणीतरी ओरडलं, "करंट. कठड्यात करंट उतरलाय."

करंट वगैरे काही नव्हता. ते नंतर सगळ्यांनी तपासलं. पण त्या क्षणी पुढची माणसं कठड्यापासून मागं रेटायला लागली. मागच्यांना काहीच दिसत नव्हतं, त्यांना वाटलं दर्शन सुरू झालं, रांग सरकली, म्हणून ते पुढं रेटायला लागले. मधे जी माणसं होती त्यांचे आवाज यायचे थांबले. गर्दीचा आवाज थांबणं किती वाईट असतं ते मला त्या दिवशी कळलं. वरून दिसत होतं ते एवढंच, की मधल्या भागात डोकी हलत नाहीत, आणि एक बाई आपलं मूल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी आहे.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी श्वास घेतला. माइकचं बटण दाबलं. आणि अण्णांनी येऊन माझ्या हातातून माइक काढून घेतला.

हिसकावला नाही. एखाद्याच्या हातातून गरम भांडं काढून घ्यावं तसा काढून घेतला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही.

ते गच्चीच्या टोकाला गेले आणि ज्या माणसांना काही झालेलंच नव्हतं त्यांच्याशी बोलायला लागले. आधी कन्नडमधून. "हिंदिनवरु निल्लरी. अल्ले निल्लरी." म्हणजे मागच्यांनो, थांबा, तिथंच थांबा. मग मराठीतून. "मागचे. पिवळ्या टाकीच्या मागचे. मी तुमच्याशी बोलतोय. थांबा. माझा आवाज ऐकू येतोय त्यांनी हात वर करा. मला बघू द्या." पुन्हा तेच कन्नडमधून. घाई नाही, आवाज चढलेला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला 'वरचा गठ्ठा काढतो, थांबा' म्हणावं इतकं साधं.

पिवळ्या टाकीपलीकडं एक हात वर झाला. मग दहा. मग सगळा रस्ता हातांनी भरला. हात वर करायला माणसाला थांबावं लागतं, हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

"लई बेस. आता तोंड फिरवा. उसाच्या रसाच्या गाड्यापर्यंत मागं चला. हळूहळू चला. म्हाताऱ्यांचा हात धरा." मग कन्नड. मग मराठी. मधल्या लोकांशी ते बराच वेळ एक शब्दही बोलले नाहीत. मागची गर्दी शेपटाकडून सुटत सुटत वर आली, आणि मधे जागा झाली तेव्हा म्हणाले, "आता मधले. लेकरू वर धरलेली ताई, डावीकडं कुंकवाचं दुकान हाय, तिकडं चला. तिला वाट द्या." पुन्हा तेच कन्नडमधून. ती बाई तिकडं गेली. तिच्यामागून वाट पडली.

करंटचं नावही त्यांनी काढलं नाही. काही माणसांना खरचटलं, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, एकाचा हात मोडला. पण सगळी माणसं घरी गेली.

माइक बंद करून अण्णा खुर्चीत बसले. त्यांच्या सदऱ्याची इस्त्री गेली होती. मला वाटलं, आता विचारतील. खरंच विचारलं, "कसं झालं?" मी पाण्याचा ग्लास भरून दिला आणि पोलीस वर येतायत का ते बघायला जिन्याकडं गेलो.

त्यानंतर कितीतरी दिवस मी आंघोळ करताना, शाळेत चालत जाताना मनात माझी सूचना म्हणत होतो. त्या क्षणी माझ्याकडं माइक राहिला असता तर मी काय बोललो असतो ते. कधी मी फार सुंदर बोलायचो. कधी अण्णांसारखंच बोलायचो, फक्त चांगल्या आवाजात. एकदा तर वाटलं, मीही हेच बोललो असतो, त्यांनी मला ती संधीच दिली नाही. हे वाटलं तेव्हा बरं वाटलं आणि त्या बऱ्या वाटण्याची मला चीड आली.

काही महिन्यांनी धाराशिवहून, जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला. आपत्तीच्या वेळी लोकांशी उत्तम संवाद साधल्याबद्दल जिल्ह्यात प्रथमच सन्मान करायचं ठरलं होतं. पलीकडचे साहेब म्हणाले, "सर, यात्रेच्या सूचना कक्षाचा विचार झालाय." मी खुर्चीतून उठलो. कक्षात दोघं होतो. मग ते म्हणाले, "अण्णांचं नाव नक्की झालंय. सूत्रसंचालन तुम्हीच करायचं. तुमच्याशिवाय कोण आहे?"

मी नवीन जाकीट शिवून घेतलं. ते फोन ठेवल्यावर लगेच ठरवलं होतं, नक्की कशासाठी ते ठरवलं नव्हतं.

समारंभाला अण्णा अख्खी ट्रॅव्हल्स भरून माणसं घेऊन आले. भाऊ, भावजया, सुना, दुकानातले नोकर, शेजारचा भांडीवाला. पुढच्या तीन रांगा त्यांच्याच. मी बोललो. ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं निवेदन होतं, असं पुष्कळांनी सांगितलं. संयम, प्रसंगावधान, शब्दांची काटकसर असे शब्द मी इतके सुरेल उच्चारले की टाळ्या पडल्या. टाळ्या त्यांना होत्या का मला, याचा मी तिथं उभ्या उभ्या हिशेब करत होतो.

मग त्या बाईला बोलावलं. लेकरू वर धरून उभी होती ती. सीमेपलीकडच्या एका खेड्यातली, पंचविशीची. ती कन्नडच बोलणार होती आणि सभागृहात दुभाषा कुणी ठरवला नव्हता. आयोजक एकमेकांकडं बघायला लागले. अण्णा मंचावरून उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मी सांगतो."

तिनं सांगायला सुरुवात केली. ते एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. श्वास कसा कोंडला, पाय जमिनीला कसे टेकत नव्हते, लेकराला वर कसं धरलं. मग एका साहेबांनी विचारलं, "तो आवाज ऐकला तेव्हा काय वाटलं?"

ती बोलली. एव्हाना थोडंफार कन्नड मलाही कळायला लागलं होतं. मी अण्णांच्या तोंडाकडं बघत होतो. हा माणूस आता काय करतो ते मला बघायचं होतं. त्यांच्या सुना, भाऊ, सगळे पुढं बसलेले.

अण्णांनी घसा खाकरला. "म्हणती, आवाज आठवत न्हाई." सभागृहात कुणीतरी हसलं. ते पुढं म्हणाले, "कोण बोलतंय, बाई का बुवा, ते पण ध्यानात न्हाई. एवढंच ध्यानात हाय, की डावीकडं कुंकवाचं दुकान हाय, तिकडं जायचं."

एक शब्दही त्यांनी इकडचा तिकडं केला नाही. त्यांचा चेहरा मात्र पडलेला होता. त्या माणसाला मनापासून वाईट वाटलं होतं. खाली येताना मला हळूच म्हणाले, "एवढं बोललो आन आवाज आठवत न्हाई म्हणती." माझा आवाज जिल्हाभर लोकांना आठवतो. मी काय बोललो होतो, ते आजवर एकानंही सांगितलेलं नाही. हे मला तिथंच, हातात माइक असताना सुचलं, आणि आभारप्रदर्शनासाठी पुढच्या माणसाचं नाव पुकारायला क्षणभर उशीर झाला.

परतताना त्यांची माणसं ट्रॅव्हल्सनं पुढं गेली. अण्णा स्वतःच्या गाडीनं आले होते. मला तुळजापूरला सोडतो म्हणाले. ऊन उतरलं होतं. घाटाच्या अलीकडं एका हॉटेलाजवळ त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. सन्मानचिन्ह त्यांनी मांडीवरच ठेवलं होतं, ते घेऊनच खाली उतरले आणि टेबलावर स्वतःच्या समोर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. हॉटेलवाल्यानं विचारलं, तेव्हा पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली. चहा आला. मग माझ्याकडं वळले.

"मास्तर, तुमी अजून काय बोललाव न्हाई."

"बोललो की अण्णा. केवढं बोललो."

"ते माइकवर. ते सगळ्यांसाठी. मला काय ते सांगा."

माझ्याजवळ किती शब्द होते. त्यातला एकही तिथं बसेना. शेवटी जे तोंडातून आलं ते कुठल्याही पट्टीत नव्हतं.

"अण्णा, त्या दिवशी माइक माझ्याकडं राहिला असता तर मला नसतं जमलं."

आपल्याकडं असं कुणी म्हटलं की समोरचा लगेच हात धरतो. 'असं कसं मास्तर, तुमचा गळा केवढा, तुमी तर आमच्यापेक्षा भारी बोलला असता' असं म्हणतो. मी त्या वाक्याची वाट बघत होतो, हे मला लपवायचं नाही. अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "नसतंच जमलं."

आणि उरलेला चहा बशीत ओतला.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या त्या 'व्हय'मध्ये कुठं खोच होती का, मला हिणवणं होतं का, ते मी पुष्कळदा मनात उलटून पालटून बघितलं. काही नव्हतं. थोडं जरी असतं, तर मला फार सोपं गेलं असतं.